चोडण आणि दिवाडी: मांडवीतल्या दोन बेटांवर पहिल्यांदा जाताना

गोव्यात येणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: कळंगुट, मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याची चर्च आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी काजू खरेदी. जुन्या गोव्याच्या चर्चपासून खाली नदीकडे उतरलं की पलीकडे जे हिरवं दिसतं ते दिवाडी बेट. त्याच्या पश्चिमेला, रायबंदरसमोर, चोडण. दोन्हीकडे जायला फेरीबोटीची काही मिनिटं पुरतात. तरी तिकडे जाणारे पर्यटक कमी, आणि जे जातात त्यांच्यातले बरेच भर दुपारी, गाडी घेऊन, तासाभरात परतण्याच्या बेताने जातात. मग "तिथे काही नाही" असं सांगत फिरतात.

तिथे समुद्रकिनारा नाही, बाजार नाही. खारफुटी आहे, नदीला बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेली खाजन शेतं आहेत, पक्षी आहेत, नशीब असेल तर पाणमांजरं आहेत, आणि आपापल्या कामात असलेली माणसं आहेत. हे सगळं भरती-ओहोटीच्या तालावर चालतं. म्हणून तयारीची सुरुवात हॉटेल बुकिंगपासून न करता पंचांगापासून करायची.

तिथी पाहून तारीख ठरवा

पक्षी पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडचे पाहुणे ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि मार्चपर्यंत रेंगाळतात, पण मार्चमध्ये ऊन चढतं आणि खारफुटीत वारा अडतो. पावसाळ्यात दिवाडीची भातशेती डोळे निववते, पण पक्ष्यांसाठी ते दिवस नव्हेत.

हंगामातला कुठलाही दिवस मात्र चालत नाही. तुतवार, कुरल, शेकाट्या यांसारखे चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी ओहोटीला चिखल उघडा पडला की उतरतात. भरतीला ते कुठेतरी बांधावर, मिठागरात डोळे मिटून एका पायावर उभे असतात. याउलट होडीने खारफुटीच्या आतल्या खाडीत शिरायचं तर भरती हवी, नाहीतर होडी गाळात बसते.

कोकणातले जुने दर्यावर्दी वापरतात तो ठोकताळा इथेही कामाला येतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा, चाराने भागा; येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. हा हिशोब मुंबई-रत्नागिरीकडचा. गोव्यात पाणी त्याहून थोडं आधी चढतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा. निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर पाहून पक्कं करा. ठोकताळा तारीख निवडायला, वेळापत्रक घड्याळ लावायला.

यातून सरळ नियम निघतो. चिखलातले पक्षी सकाळच्या उन्हात पाहायचे असतील तर शुद्ध किंवा वद्य तृतीया ते पंचमी. सकाळी होडी हवी असेल तर एकादशी-द्वादशी. एकाच दिवसात दोन्ही साधायचं असेल तर चतुर्थी उत्तम: सकाळी ओहोटीत पायी फिरणं, दुपारी भरतीत होडी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं. सकाळची ओहोटी मात्र उजाडण्यापूर्वीच होते, म्हणून पहाटे उठणाऱ्यांनीच ते दिवस घ्यावेत. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. त्या दिवसांत चिखल फारसा उघडत नाही आणि ठोकताळाही नीट जुळत नाही. तेव्हा पहिल्या खेपेला अष्टमी टाळलेली बरी.

आणि रविवार नको. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, दुकानं बंद असतात, आणि फेरीवर बाहेरच्या गाड्यांची रांग असते. मंगळवार-बुधवारसारखा आडवार घ्या.

आधी चोडण की दिवाडी?

एका दिवसात एकच बेट. दोन्ही उरकायची घाई केली तर एकही पाहून होत नाही. पक्ष्यांसाठी येत असाल तर चोडण, चालण्या-सायकलीसाठी, गाव आणि इतिहास पाहायला येत असाल तर दिवाडी. मुलं आणि आई-वडील सोबत असतील तर माझं मत दिवाडीला. चोडणच्या खारफुटीत आठ-दहा वर्षांच्या मुलाचा उत्साह अर्ध्या तासात मावळतो. दिवाडीत त्याला धावायला रस्ते आहेत.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावचं तिकीट काढू नये. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या करमळीला थांबतात. करमळी स्टेशन जुन्या गोव्यापासून तीन-चार किलोमीटरवर, म्हणजे दिवाडीच्या फेरीधक्क्यापासूनही जवळच. पणजीत मुक्काम असेल तर कदंब स्थानकावरून जुन्या गोव्याकडे जाणारी बस घ्या, पण चढण्यापूर्वी ती रायबंदरवरून जाते की बायपासने, हे विचारा. बायपासची बस तुम्हाला हव्या त्या धक्क्यावर सोडणार नाही.

पणजी सोडताच बस ज्या लांबलचक सरळ रस्त्याला लागते तो खरं तर पूल आहे. पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि दलदल. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांवर नजर ठेवा. दुर्बीण पिशवीतून काढायला चोडण गाठायची गरज नाही, शेकाट्या आणि बगळे इथूनच सुरू होतात.

फेरीबोट

फेरी नदी परिवहन खात्याची. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. चोडणला रायबंदरहून जायचं, दिवाडीला जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून, रायबंदरचे धक्के वेगवेगळे आहेत, म्हणून बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी "चोडण?" एवढा एक प्रश्न विचारा. चोडणला मयेच्या बाजूने रस्त्यानेही जाता येतं, पण डिचोलीकडून येत नसाल तर तो फेरा उगाच पडतो.

गाडी रायबंदरलाच ठेवा, हे आग्रहाने सांगतो. सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात ही फेरी म्हणजे इथल्या लोकांची लोकल आहे. पणजीला कामावर जाणारे, कॉलेजची मुलं, डॉक्टरकडे निघालेली म्हातारी माणसं. तुमची एक चारचाकी चढली की पाच-सहा दुचाकी मागे राहतात आणि त्या माणसांचा अर्धा तास जातो. तक्रार कोणी करणार नाही, पण नजरा कळतात.

बोट लागली की आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. मग दुचाक्या चढतात, त्यांच्या मागोमाग आपण, कडेने. ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यावर शेवाळ असतं. चपला गुळगुळीत असतील तर तिथे हमखास घसरायला होतं. बोटीत मध्ये थांबू नका, कठड्याशी जा. पाण्यावर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत असतात, आणि हिवाळ्यात नदीतल्या खांबावर मासा पायात धरून बसलेला कैकर दिसला तर सकाळची सुरुवात चांगल्या शकुनाने झाली असं समजा.

चोडण: अभयारण्यात

बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र फक्त 1.78 चौरस किलोमीटर. सलीम अली 1987 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, हे अभयारण्य त्यांच्या नावाने जाहीर झालं. फेरीतून उतरल्यावर डावीकडे थोडंसं चाललं की वनखात्याची चौकी लागते. प्रवेशाचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क तिथे भरायचं. सुटे पैसे ठेवा. ड्रोन आणला असेल तर पिशवीतून काढूसुद्धा नका.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. आतल्या बांधीव वाटेवरून चालताना पक्षी भरपूर दिसतील, ही अपेक्षा चुकीची आहे. दोन्ही बाजूंना खारफुटीची दाटी, वर पानांचं छत. पक्षी ऐकू येतात, दिसतात थोडे. या वाटेवर मान वर करून चालण्यापेक्षा खाली पाहावं.

खाली चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी हजारो टोकं वर आलेली असतात. ती तिवराची श्वसनमुळं. गाळात हवा नसते म्हणून झाड नाक वर काढतं. कमानीसारखी वाकून आधार देणारी मुळं दिसली तर ती कांदळाची. या दोघांच्या मधल्या चिखलात एका जागी दोन मिनिटं न हलता उभे राहा. आधी काहीच नसतं. मग बोटभर लांबीची, चिखलाच्याच रंगाची एक निवटी सरकते. मासा असून ती पाण्याबाहेर, पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखी रेटा देत चालते. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, आणि मधूनच एक डोळा आत ओढून ओला करून पुन्हा बाहेर. दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर ताडकन उभा राहतो. बाजूला बिळाच्या तोंडाशी एक इवलासा खेकडा, त्याची एक नांगी त्याच्या सगळ्या अंगाएवढी मोठी, ती तो हवेत वर-खाली करत राहतो. माद्यांना बोलावणं आणि दुसऱ्या नरांना दम भरणं, दोन्ही त्याच एका नांगीने. तुम्ही पाय हलवलात की सगळा चिखल पुन्हा रिकामा.

वाटेवरून खाली उतरू नका. चिखल दिसतो त्याहून खोल असतो, मुळं तुटतात, आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवा फाटतो.

आत टेहळणीचा मनोरा आहे. त्याची अवस्था आणि वर जायची परवानगी चौकीवर विचारून घ्या. मनोऱ्यापेक्षा माझा भरवसा अभयारण्याबाहेरच्या, शेतांच्या कडेने जाणाऱ्या बांधांवर जास्त. तिथे उजेड मागून येतो आणि समोर उघडा चिखल असतो.

काय पाहायचं, काय शोधायचं

नवख्याने यादी घेऊन धावू नये. सुरुवातीला खंड्या नीट पाहिले तरी सकाळ सार्थकी लागते. नेहमीचा तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा खंड्या तारेवर असतोच. हिवाळ्यात काळ्या टोपीचा, नारिंगी पोटाचा, लाल चोचीचा खंड्या खारफुटीच्या कडेला खालच्या फांदीवर बसतो. तो लाजरा आहे, दोनदा उडवलात तर दिवसभर दिसत नाही. आणि ज्याच्यासाठी दुरून पक्षिमित्र चोडणला येतात तो निळसर हिरव्या पाठीचा आणि शुभ्र गळपट्ट्याचा खंड्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो फार थोड्या जागी आहे. त्याचा कर्कश आवाज आधी येतो, पक्षी नंतर.

चिखलावर तुतवार, टिलवे, लांब बाकदार चोचीचा कुरल. उथळ पाण्यात शेकाट्या, राखी बगळा, आणि पाटीसारख्या करड्या रंगाचा, पाण्यात इकडून तिकडे पळत मासे हुसकावणारा समुद्रबगळा. शेतात मोठा, टकला, म्हाताऱ्या मुनिमासारखा करडेपणाने पावलं टाकत हिंडणारा पक्षी दिसला तर थांबा. तो छोटा क्षत्रबलाक, करकोच्यांतला आणि दुर्मिळांतला. दुर्बीण आठ-बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. मोठ्या भिंगांचा कॅमेरा नसला तरी बिघडत नाही, उलट फोटोच्या मागे लागलेला माणूस पक्षी जवळ येण्याची वाट न पाहता स्वतः जवळ जातो आणि दोघांचंही नुकसान करतो.

पाणमांजरं या बेटांवर आहेत, कळपाने राहतात, पण ठरवून दिसत नाहीत. त्यांच्या खुणा मात्र कोणालाही सापडतील. बांधावर किंवा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याच्या, दगडी कठड्यावर माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचा भुगा असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली की ती जागा त्यांची. तिथून मागे हटा, वारा त्या जागेकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला, पन्नास-साठ पावलांवर बसा, सूर्य उगवल्यावरचा किंवा मावळण्याआधीचा तास द्या. पिल्लं असतील तर मोठी मंडळी माना वर काढून फुत्कारतात. तो निघून जाण्याचा निरोप आहे.

कुत्रा सोबत आणू नका.

मानस उघडताना एकदा पाहा

दोन्ही बेटांची सखल शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. नदीला बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेली ही खाजन जमीन, आणि बांधातला दरवाजा म्हणजे मानस. दरवाज्याची लाकडी झडप एकाच बाजूला उघडते. भरती चढू लागली की नदीचं पाणी तिला बाहेरून दाबतं आणि ती आपोआप मिटते. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

ओहोटीची वेळ जुळवून मानशीजवळ उभे राहा. आधी फटीतून पाण्याची बारीक शिट्टी, मग झडप बोटभर हलते, परत मिटते, पुन्हा हलते, आणि मग एकदम तपकिरी पाण्याचा लोंढा फेस उडवत नदीत पडतो. त्याच्यासोबत आतली कोळंबी आणि मासे येतात. वंचक आणि बगळे हे घड्याळ आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. झडप उघडायच्या आधीच ते कठड्यावर रांगेने बसलेले दिसतील, म्हणून खंड्या-बगळ्यांचे जवळून फोटो हवे असणाऱ्यांनाही हीच जागा सांगतो.

मानशीवर जाळं लावण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. ज्याने लिलावात पैसे मोजले त्याचीच ती मासळी. तेव्हा जाळ्याला हात लावायचा नाही, मानशीवर चढायचं नाही, आणि झडपेत काठी घालून "बघू काय होतं" हा प्रयोग तर मुळीच नाही. खारं पाणी आत शिरलं की शेतकऱ्याचं पीक जातं, आणि जमीन सुधारायला पुढचे पाऊस मोजावे लागतात. बांधावरून चालायला सहसा कोणी हरकत घेत नाही. समोरून कोणी आलं तर एका बाजूला होऊन "देव बरो दीस दिवूं" म्हटलं की पुरे. मराठी बहुतेकांना समजते, बोलायला काही अडत नाही.

होडी, आणि पाण्याविषयी थोडं

खारफुटीच्या आतल्या खाड्यांत जायला स्थानिक होडीवाले मिळतात. अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. होडीवाल्याने ती काढली आहे ना, हे बसण्यापूर्वी विचारा, आणि भावही तिथेच ठरवा. वल्ह्याची होडी मिळाली तर इंजिनाची घेऊ नका. इंजिनाच्या आवाजाने समोरची खाडी रिकामी होत जाते आणि तुम्हाला फक्त उडणाऱ्या पक्ष्यांच्या शेपट्या दिसतात.

पोहायचं नाही. मांडवीला ओढ आहे, खनिजाच्या बार्जी जातात, आणि मगरी आहेत. जुन्या गोव्याच्या पूर्वेकडून मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींची वस्ती आहे, आणि ती मचूळ पाण्यात टिकून राहिलेली म्हणून अभ्यासकांना तिचं विशेष कुतूहल. ओहोटीला उघड्या पडलेल्या काठावर त्या ऊन खात असतात, म्हणजे इथेही वेळापत्रक पाण्याचंच. माणूस आणि मगर यांचं इथलं नातं जुनं आहे. फोंडा तालुक्यात खाजनाकाठच्या काही गावांत मातीची मगर करून तिची पूजा करतात, तिला मानगे थापणी म्हणतात. मगर दाखवणाऱ्या होडीवाल्याने जवळ जायला चिकन फेकायची तयारी दाखवली तर नको म्हणा.

दिवाडी: चालत किंवा सायकलवर

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला उतरलं की समोर सरळ रस्ता, दोन्हीकडे खाजन. पिएदादच्या टेकडीपर्यंत अर्धा-पाऊण तासाची चाल, सावली जवळपास नाही. सकाळी साडेसातच्या आत ही वाट चालून टाका. सायकल असेल तर पणजीहूनच घेऊन या, फेरीवर ती चढते. टेकडीवरची एक चढण सोडली तर बेट सपाट आहे.

टेकडीवरचं चर्च बाहेरून पाहावं आणि मागे जाऊन नदी पाहावी: खाली शेतं, मग मांडवी, पलीकडे झाडीतून डोकं काढलेली जुन्या गोव्याची चर्च. शेजारच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे, त्याचं छत कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचं. दफनभूमी असल्याने आवाज, कपडे आणि कॅमेरा तिघांनाही आवर घाला.

मराठी माणसाने दिवाडीत नार्व्यापर्यंत जावंच. सप्तकोटेश्वर, कदंबांचं कुलदैवत, मूळचं इथलं. सोळाव्या शतकात देऊळ पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातल्या गावात नेला; त्या गावालाही नाव मिळालं नार्वे. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. दिवाडीच्या नार्व्याहून पलीकडच्या नार्व्याला फेरी आहे, आणि पलीकडे उतरून थोडं चाललं की देऊळ. देवांनी ज्या वाटेने स्थलांतर केलं तीच वाट आज पायी, फेरीने, तासाभरात होते. चोडणचीही गोष्ट अशीच: माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. गोव्यात चोडणकर आडनावाची माणसं बेटाबाहेरच जास्त भेटतात.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरा असतो. गावच्या हद्दीवरून झालेल्या जुन्या भांडणांची आठवण म्हणून वाड्यावाड्यांचे झेंडे, बांबूच्या फोटाशांतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांतून, फळांचा मारा, बँड, मिरवणूक, आणि अलोट गर्दी. मजा आहे, जरूर जा, पण शांतता शोधत त्या दिवशी जाऊ नका.

खाणं, कपडे, दुपार

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो. गरम पाव आणि पोळी (इथला कोंड्याचा पोकळ पाव) त्याच्याकडून घ्या, पिशवीत दोन केळी आणि पाणी टाका, दुपारपर्यंतची सोय झाली. धक्क्याजवळच्या लहान हॉटेलात भाजीपाव आणि चहा मिळतो, पण नऊ-साडेनऊनंतर भाजी संपलेली असू शकते. दुपारी एक ते चार गाव झोपतं. दुकानं बंद, रस्ते रिकामे. या वेळात दार ठोठावून पाणी मागण्याची वेळ आणू नका, दोन लिटर पाणी सोबतच ठेवा. जेवणाची एखादी जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवली तर माशाची कढी-शीत, म्हणजे आमटी-भात, मिळेल. ऐनवेळी गेलात तर मालकीण घरच्यांपुरतंच शिजलंय म्हणेल आणि तेच खरं असेल.

कपडे मातकट रंगाचे, बाह्या लांब. खारफुटीत डासांबरोबर बारीक चिलटं असतात, ती चावल्यावर दुसऱ्या दिवशी कळतात. पायात पट्ट्याच्या सँडल, धुता येतील अशा. जुनी बंद घरं, रंगीत खिडक्या, ओसऱ्या फोटोत छान येतात, पण ती कोणाची तरी घरं आहेत, मालक लिस्बनमध्ये असला तरी. फाटक ओलांडू नका, आणि ओसरीवर बसलेल्या आजीचा फोटो काढायचा तर आधी चार शब्द बोला. कचरा परत न्यायचा. दिवाडीवरचा कचराही फेरीनेच बाहेर जातो.

मुक्कामाला दिवाडीत मोजकी घरगुती निवासं आहेत. खर्च परवडत असेल तर एक रात्र राहा, कारण पहाटेची आणि तिन्हीसांजेची वेळ फेरीच्या धावपळीशिवाय मिळते. राहणार नसाल तर परतीची फेरी काळोखापूर्वीची पकडा, आणि शेवटची फेरी किती वाजता हे सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात.

करमळीहून संध्याकाळची गाडी असेल आणि हाताशी दोन तास उरत असतील तर ते फलाटावर घालवू नका. स्टेशनाजवळच करमळीचं तळं आहे, गोड्या पाण्याचं. हिवाळ्यात अडईचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, थंडीत येणारी बदकं, सगळी पाणवनस्पतींत तोंड घालून बसलेली. रेल्वेचे रूळ तळ्याजवळूनच जातात, त्यामुळे पक्ष्यांना गाड्यांची सवय आहे आणि ते जवळून पाहता येतात. बॅगा घेऊन काठाच्या कच्च्या वाटेवर उतरू नका, रस्त्यावरूनच दिसतं.